गायरानाचा खरा प्रश्न

ज्वारी हे पीक माणसाला भाकरी आणि गुरांना कडबा देते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’सारखे रब्बी ज्वारीचे सरस वाण निर्माण केले, तथापि गेल्या तीन दशकांत जिल्ह्यातील ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली. सोयाबीनने रोख पैसा दिला, पण कडबा हिरावला. साहजिकच गावोगावच्या गायरानांवरील भार वाढला आणि सततच्या चराईने तेथे सकस गवताऐवजी कुसळी माजली.

गायरान सुधारण्याचे तंत्र अवघड नाही. पावसाळ्याच्या आरंभी झुडपे काढून जमीन वरवर उकरावी आणि अंजन, मारवेल ही गवते व स्टायलोसारखे द्विदल यांचे बी फोकावे. द्विदलामुळे जमिनीस नत्र मिळते, चाऱ्याचा कसही वाढतो. मात्र पहिल्या वर्षी तेथे जनावर फिरकता कामा नये. गवताचे बी जमिनीवर पडल्यावरच ते कापून न्यावे. बियाण्याचा खर्च अल्प आहे. खरी किंमत आहे ती या चराईबंदीची, आणि ती कोणी मोजायची?

आज ती चार शेळ्यांवर संसार चालविणाऱ्या भूमिहीनास मोजावी लागते. मराठवाड्यात गायरान हा निव्वळ चाऱ्याचा विषय कधीच नव्हता. दादासाहेब गायकवाडांच्या लढ्याने भूमिहीनांचा जमिनीवरील हक्क पुढे आणला. १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण ठरले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला, तेव्हाही भूमिहीनांना शासनाने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद मान्य केला. तेव्हा गवताच्या नावाखाली दुर्बळांना हुसकावणे न्याय्य ठरणार नाही.

सामायिक कुरणाचा नाश अटळ असतो, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये प्रतिपादिले. लोक स्वतः नियम करून असे कुरण राखू शकतात, हे दाखविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नगरकडील हिवरे बाजारनेही चराईबंदी स्वतःहून पाळून दाखविली.

ग्रामसभेने गायरानाचे भाग पाडून एकेक भाग पाळीपाळीने बंद ठेवावा, पेरणीची मजुरी भूमिहीनांना द्यावी आणि कापलेल्या गवतावर पहिला हक्क त्यांचाच मानावा. ज्याच्या पोटाला बंदीचा चिमटा बसतो, त्याच्या पदरात गवताची पहिली पेंढी पडली, तरच तो त्या बंदीचा राखणदार होईल.