रस्त्यावरचें पिलूं आणि आजोबांचे कान

वाशीम जिल्ह्यांतील किन्हीराजा येथून एका वाचकभगिनींचें पत्र आलें आहे. घरीं वयोवृद्ध सासरे आहेत. त्यांना जवळजवळ मुळींच ऐकूं येत नाहीं. मुलें शाळेंत, मोठीं माणसें कामावर, आणि दुपारभर ते एकटे. कुकर शिट्ट्या देऊन थकतो, दाराशीं आलेला टपालवाला परत जातो. अडीच महिन्यांपूर्वीं मुलांनीं रस्त्यावर सांपडलेलें पिलूं घरीं आणलें; आतां तें चार महिन्यांचें असावें. "ह्याला मामंजींच्या उपयोगाचें करतां येईल काय?" असा त्यांचा प्रश्न आहे.

कुत्रें घरांत घेण्याविषयीं आपल्याकडे संकोच असतो खरा. पण सोबतच्या कुत्र्याला टाकून स्वर्गांत जाण्याचें धर्मराजानें नाकारलें, ही कथा मुलांना सांगणारे आपणच. दुसरी समजूत अशी कीं, कामाचें कुत्रें विलायती जातीचेंच असावें लागतें. मुंबई पोलिसांचा 'जंजीर' १९९३ सालच्या बाँबस्फोटांच्या वेळीं नांवाजला, तो लॅब्रेडॉर होता. परंतु उत्तराखंड पोलिसांनीं २०१९ सालीं 'ठेंगा' नांवाचा रस्त्यावरचा कुत्रा शिकवून आपल्या श्वानपथकांत घेतला. अमेरिकेंत विल्मा मेलव्हिल ह्या निवृत्त शिक्षिकेनें १९९६ सालीं जी संस्था काढली, ती अनाथ कुत्रीं निवडून त्यांना ढिगाऱ्याखालीं सांपडलेलीं माणसें शोधावयास शिकविते. तेव्हां प्रश्न कुळाचा नसून स्वभावाचा आहे.

स्वभाव पाहण्याची रीत सोपी आहे. पिलूं खेळत असतां थोड्या अंतरावर ताटली खालीं टाकावी. तें दचकेल, दचकावेंच. पण क्षणभरानें परत येऊन ताटली हुंगूं लागलें, तर तें शिकण्याजोगें आहे. कोपऱ्यांत दडून बसलें व बराच वेळ बाहेर आलेंच नाहीं, तर ह्या कामाची सक्ती त्याच्यावर करूं नये. तिसऱ्या आठवड्यापासून सुमारें चौदाव्या आठवड्यापर्यंत पिलांचें मन नवें जग सहज स्वीकारतें. आपल्या पिलाचा तो काळ सरला आहे. म्हणून बसगाडी, मळणीयंत्र, पोळ्याची वाजंत्री ह्यांची ओळख दुरून व हळूहळू करून द्यावी.

सर्वांआधीं पशुवैद्याकडे जावें. जंताचें औषध व रेबीजची लस ह्यांत चालढकल नको. लस पुढेंही वेळच्या वेळीं द्यावी. पिलानें कोणास चावा घेतला किंवा ओरखडलें, तर जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि लागलीच दवाखाना गांठावा.

आतां शिक्षण. पहिला धडा एवढाच: आजोबांनीं तळहात पुढें करावा, पिलानें त्याला नाक लावावें, कीं लागलीच भाकरीचा तुकडा द्यावा. बक्षीस त्याच क्षणीं मिळावें. उशीर झाल्यास तें कशाबद्दल मिळालें हें पिलाला उमगत नाहीं. हें पक्कें झालें म्हणजे कोणीं दाराची घंटा वाजवावी व त्याच वेळीं आजोबांनीं हात पुढें करावा. कांहीं दिवसांनीं घंटा ऐकतांच पिलूं आपण होऊन हाताला नाक लावील. मग आजोबांनीं उठून त्याच्यासह दारापर्यंत जावें आणि बक्षीस तेथें द्यावें. एक आवाज पुरता अंगवळणी पडल्यावांचून दुसरा घेऊं नये. पांच-पांच मिनिटांचे तीन-चार धडे दिवसाला पुरेत. मारणें नाहीं, ओरडणें नाहीं. भ्यालेलें कुत्रें कळवीत नाहीं, लपतें. कामाचा भरंवसा यावयास वर्ष-दीड वर्ष लागेल असें धरून चालावें. तोंवर दुपारीं एकट्या आजोबांवर कुकर सोंपवूं नये.

आंधळ्यांना वाट दाखविणारें कुत्रें मात्र अशा घरगुती शिकवणीनें तयार करूं नये. तेथें एका चुकीला माणसाचा जीव जातो. त्या विद्येच्या स्वतंत्र शाळा आहेत. पहिली १९१६ सालीं, महायुद्धांत अंध झालेल्या सैनिकांसाठीं, जर्मनींतील ओल्डेनबुर्ग येथें निघाली.

आणखी दोन गोष्टी. पिलूं मुलांनीं आणलें. पण ज्याच्या हातचें तें खाईल त्याचें तें होईल. म्हणून त्याचें खाणें आजोबांच्या हातूनच झालें पाहिजे, आणि मुलांना तेवढा हक्क सोडावा लागेल. हें त्यांना आधींच समजावून सांगावें. दुसरें, पिलूं कामास उतरलें नाहीं, तरी त्याला पुन्हां रस्त्यावर सोडावयाचें नाहीं, हा निश्चय आजच व्हावा.

भगिनी, आपल्या पत्रांत सर्व कांहीं आहे. पण मामंजींचें मत कोठें दिसलें नाहीं. ऐकूं येत नसलें तरी त्यांना वाचतां येत असेल. हा अंक प्रथम त्यांच्या हातीं द्यावा.