ठिपके गेले, रोग गेला नाही

समुद्री मासे पाळणाऱ्या मंडळींत एक वाक्य इतक्या वेळा ऐकू येतं की त्याला सिद्धान्ताचा दर्जा मिळाला आहे : ‘माझ्याकडे लसणाने बरं झालं.’ लसणाच्या जागी कधी क्लीनर श्रिंप असतो, कधी घटक न छापलेली औषधाची बाटली, कधी यूव्ही दिवा, कधी हीटर दोन अंशांनी चढवणं. सांगणारा खोटं बोलत नसतो. माशाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके त्याने पाहिलेले असतात, उपाय केलेला असतो आणि चार-पाच दिवसांत ठिपके गेलेलेही पाहिलेले असतात. त्याच्या डोळ्यांवर माझा आक्षेप नाही. त्याने काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे आणि त्या चुकीपायी मासे मरतात.

हा रोग करणारा जीव म्हणजे क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स नावाचा एकपेशीय परजीवी. त्याला हे नाव मिळालं १९५१ साली, मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं त्याच वर्षी. म्हणजे मुंबईकर काचेमागचे मासे बघायला तिकीट काढू लागला तेव्हापासून शास्त्राला या जीवाची नावानिशी ओळख आहे आणि त्याचं जीवनचक्रही नंतर बारकाईने तपासलं गेलं आहे. आपल्याला दिसणारा ठिपका म्हणजे माशाच्या त्वचेच्या वरच्या थराखाली बसून पेशी खाणारा परजीवी. तिथे तो साधारण ३ ते ७ दिवस राहतो आणि पोसला की आपण होऊन सुटतो. वाळूवर, दगडावर, काचेवर जाऊन चिकटतो, भोवती कवच करतो आणि आत विभागत राहतो. एका कवचातून २०० पर्यंत नवे जीव पोहत बाहेर पडतात आणि दिवसा-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. कवच फुटायला कधी ३ दिवस लागतात, कधी ७२.

आता लसणाकडे परत या. पहिल्या दिवशी ठिपके, दुसऱ्या दिवशी लसूण, पाचव्या दिवशी अंग स्वच्छ. ते ठिपके लसणाशिवायही जाणारच होते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. या परजीवीचं चक्रच असं आहे की जो कोणता उपाय कराल त्याला ते चौथ्या-पाचव्या दिवशी यशाचं प्रमाणपत्र देतं. निरुपयोगी औषधं वर्षानुवर्षं खपतात ती यामुळे.

हे मी पुस्तकातून आधी शिकलो नाही. पहिल्या टाकीत मी एक ब्लू टँग पिशवीतून थेट सोडला. तिसऱ्या दिवशी ठिपके दिसले. दुकानदाराने एक बाटली दिली, ‘खात्रीचं आहे’ म्हणाला. ठिपके गेले आणि तीच बाटली मी आणखी दोघांना सुचवली. पंधरवड्याच्या आत टाकीतले पाचही मासे ठिपक्यांनी भरले होते आणि त्यातला एकही वाचला नाही. मी सुचवलेल्या बाटलीने त्या दोघांच्या टाक्यांत काय झालं हे विचारायला मला कितीतरी दिवस तोंड नव्हतं.

इतर उपायांचंही तेच. क्लीनर श्रिंप माशाच्या अंगावरून मेलेली कातडी टिपतो हे खरं, पण हा परजीवी त्वचेच्या थराखाली असतो, तिथे त्याचे चिमटे पोचत नाहीत. यूव्ही दिवा त्याच्यातून वाहणाऱ्या पाण्यातले जीव मारतो. वाळूवरच्या कवचाला आणि माशाच्या अंगातल्या परजीवीला त्याचा स्पर्शही होत नाही. पाणी गरम करणं आणि मीठ टाकणं हे गोड्या पाण्यातल्या व्हाइट स्पॉटचे उपाय. तो रोग इक्थिऑफ्थिरियसचा. ठिपके सारखे दिसले तरी हे दोन जीव एकमेकांचे जवळचे नातलगही नाहीत. समुद्री टाकीत मीठ मुळातच हजारी ३५ भाग असतं, आणखी मूठभर टाकून कोणाला त्रास होणार? माशालाच. शिवाय पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, तोही कल्ले आधीच जखमी झालेल्या माशाच्या वाट्याचा.

याहून गंभीरपणे घ्यावा असा एक पूर्वपक्ष आहे आणि तो अनुभवी लोक मांडतात. ‘हा परजीवी प्रत्येक टाकीत असतोच. पाणी उत्तम ठेवा, खाणं चांगलं द्या, सुदृढ मासा बघून घेईल.’ यातला अर्धा भाग मला मान्य आहे. रोगातून वाचलेल्या माशाला काही महिने टिकणारी प्रतिकारशक्ती येते आणि चांगल्या पाण्यातला मासा जास्त तग धरतो. पण ‘असतोच’ हे साफ खोटं आहे. माशाशिवाय या जीवाचं चक्र पूर्ण होत नाही. तो हवेतून येत नाही. नव्या माशाबरोबर, दगडाबरोबर, गोगलगायीच्या शंखावर बसून, पिशवीतल्या पाण्यातून तो येतो, म्हणजे आपणच त्याला आणतो. आणि समुद्राचं उदाहरण इथे लागू पडत नाही. समुद्रात मासा पुढे निघून जातो, कवच मागे राहतं. दोनशे लिटरच्या टाकीत मासा रोज रात्री त्याच दगडाच्या त्याच खाचेत झोपतो आणि नवे जीव बाहेर पडतात ते बहुतेक उत्तररात्री नि पहाटे, तो निजलेला असतानाच. ‘बघून घेईल’ म्हणणाऱ्याने ही लढाई कुठे आणि कोणत्या वेळी होते ते आधी पाहावं.

शिवाय प्रत्येक साथ ठिपक्यांची नसते. माझा मुख्य आग्रह आहे तो इथे : बाटलीला हात लावण्याआधी माशाचे कल्ले बघा. सगळे मासे एकाच तासात पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले तर तो रोग नव्हे, पाणी बिघडलं आहे. अमोनिया तपासा. समुद्री पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ च्या आसपास असतो आणि तिथे अमोनियाचा विषारी अंश गोड्या पाण्यापेक्षा कैक पटींनी जास्त असतो. अशा वेळी औषध ओतणं म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. एअर पंप लावा, पाणी बदला. आज एक मासा, परवा दुसरा, असं झालं तर मात्र रोग समजा.

त्यातला सर्वांत घातक रोग ठिपक्यांची वाट बघत नाही. अमायलूडिनियम ओसेलाटम, ज्याला आपण व्हेल्वेट म्हणतो, आधी कल्ल्यांवर बसतो. त्याचं एक कवच २५६ पर्यंत नवे जीव सोडतं. मासा खाणं टाकतो, उजेड टाळतो, पंपाच्या धारेत तोंड देऊन उभा राहतो, भराभर श्वास घेतो. टॉर्च तिरपा धरला तर अंगावर पिठी पसरल्यासारखी दिसते, पुष्कळदा तीही दिसत नाही. दोन-तीन दिवसांत मासा मरतो आणि मालक म्हणतो, ‘अंगावर तर काहीच नव्हतं.’ क्लाउनफिशच्या अंगावरून पांढरा बुळबुळीत थर सुटू लागला तर बहुधा ब्रुकलिनेला. त्याला तांबं लागू पडत नाही, फॉर्मॅलिनचं मोजलेलं स्नान लागतं. डोळे धुरकट आणि मासा दगडाला अंग घासतोय, तर तापमान आणि पीएच जुळवलेल्या गोड्या पाण्यात त्याला पाचेक मिनिटं ठेवा. फ्लूक, म्हणजे चपटे परजीवी कृमी, असतील तर तांदळाच्या कणीसारखे पांढरे होऊन तळाशी पडतील. मग प्राझिक्वांटेल. परांवर फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या गाठी आल्या तर तो लिम्फोसिस्टिस, विषाणूचा. त्यावर औषध नाही, गरजही सहसा नसते.

मेलेला मासा कचऱ्यात टाकण्याआधी कल्ल्याचा तुकडा शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धरा. ताजा असेल तर पाच मिनिटांत वाद मिटतो. गोल गोल फिरणारा असेल तो क्रिप्टोकॅरियॉन, न हलणाऱ्या गडद पिशव्या दिसल्या तर व्हेल्वेट.

मग करायचं काय? सगळे मासे वेगळ्या टाकीत काढायचे. एकटा आजारी नव्हे, सगळे. तिथे वाळू नको, दगड नको. हीटर, स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे पुरेत. आयनिक तांबं लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. त्याखाली गेलात तर परजीवी वाचतो, वर गेलात तर मासा भाजतो. म्हणून टेस्ट किटने रोज मोजायचं. कीलेटेड तांब्याचं प्रमाण वेगळं असतं, ते त्याच्या बाटलीप्रमाणे. आणि तांब्याबरोबर अमोनिया बांधणारं द्रावण टाकू नका, दोन्ही मिळून विष होऊ शकतं. तांबं फक्त पोहणाऱ्या अवस्थेला मारतं, अंगातल्या आणि कवचातल्या परजीवीला नाही. म्हणून ठिपके गेल्यावर थांबायचं नाही, ३० दिवस पुरे करायचे. क्रिप्टोकॅरियॉनच असल्याची खात्री असेल तर पाण्याची विशिष्ट घनता १.००९ वर आणून, शेवटचा ठिपका गेल्यापासून ३० दिवस ठेवूनही काम होतं. व्हेल्वेटला त्याचा उपयोग नाही, म्हणून आधी निदान.

हेच तांबं मोठ्या टाकीत का नको? चुनखडीचे दगड ते शोषून घेतात, मात्रा घसरते, माणूस पुन्हा ओततो. श्रिंप आणि गोगलगायी मरून कुजतात, अमोनिया चढतो आणि रोगाने न मेलेले मासे त्याने मरतात. मोठ्या टाकीचा उपाय एकच : ती ७६ दिवस माशाविना ठेवणं. श्रिंपला थोडं खाणं टाकत राहा आणि थांबा.

‘एवढ्याशा घरात दुसरी टाकी कुठे ठेवू?’ हा प्रश्न खरा आहे. चाळीस-पन्नास लिटरचा प्लास्टिकचा टब चालतो, काम झालं की धुऊन माळ्यावर जातो. जास्तीचा स्पंज मोठ्या टाकीच्या फिल्टरमध्ये कायम पडू द्या, म्हणजे लागेल तेव्हा जिवाणू तयार असतात. ‘उघड्याबोडक्या टाकीत मासा घाबरतो’ हेही खरं. उजेड मंद ठेवा, पाइप द्या. मोठ्या टाकीत धाकाने उपाशी राहणारा नवा मासा इथे खायला शिकतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

ब्लू टँग बंदिस्त पाण्यात वाढवायला माणसाला २०१६ साल उजाडावं लागलं. आजही दुकानातला बहुतेक ब्लू टँग प्रवाळ खडकांवरून पकडून आणलेला असतो. त्याने इथवर केलेला प्रवास आपल्या हौसेसाठी आहे. तेव्हा पुढच्या वेळी दुकानातून पिशवी आणाल, तेव्हा ती मोठ्या टाकीत उघडू नका. आधी टबात, ३० दिवस.