उकिरड्याचे पांग

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी म्हण आपल्याकडे आहे. पण उकिरड्याने इतकी वाट पाहावीच का? १९२४ नंतर इंदूर येथील कृषी संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी भारतीय आणि चिनी शेतकऱ्यांच्या पारंपरिक ज्ञानाला शिस्त लावली आणि साधारण ९० दिवसांत खत होईल अशी पद्धती सिद्ध केली. १९३१ मध्ये ती ग्रंथरूपाने जगापुढे आली.

तिचे मर्म साधे आहे. मोठा ढीग वर्षभर तसाच पडून राहतो, तो आतील जीवाणूंचा श्वास कोंडल्यामुळे. म्हणून पाचट, काडीकचरा बारीक करावा. त्यात शेण व ओला कचरा थराथराने मिसळावा. पिळलेल्या फडक्याइतका ओलावा राखावा. ढिगाची लांबी कितीही असो, उंची दीड मीटरच्या आत असावी. पंधरवड्याने, महिन्याने आणि दोन महिन्यांनी तो वरखाली करावा. आत ५५ ते ६५ अंश उष्णता चढली की तणाचे बीही मरते.

ज्या भूमीत ही पद्धती जन्मली, तिथेच आज पाचट पेटवले जाते आणि त्याच शेतासाठी खताची पोती विकत आणली जातात. जमिनीचे हे ऋण केवळ वाट पाहून फिटणारे नाही. त्यासाठी हाती फावडेच घ्यावे लागेल.