चौविहार आणि दुकानातील तहान

दुकान उघडल्यापासून सायंकाळपर्यंत आपण किती पाणी प्यालो, याचा हिशेब आपल्या व्यापारी बंधूंपैकी फार थोडे ठेवतात. गल्ल्यातील पैसा संध्याकाळी मोजला जातो. पाण्याच्या तांब्याकडे मात्र कोणाचे लक्ष नसते. यामागचे कारण सहसा मोठ्याने सांगितले जात नाही. जुन्या पेठांतील कित्येक दुकानांत स्वच्छतागृह नसते, गिऱ्हाईक समोर असता गादीवरून उठणे प्रशस्त वाटत नाही; मग पाणीच कमी प्यावे, ही सवय तिशीत जडते आणि साठीत अंगाशी येते.

पुरुषाच्या मूत्राशयाखाली, मूत्रनलिकेला वेढून, प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. तरुणपणी ती अक्रोडाएवढी असून वयोमानाने वाढते. साठीतील साधारण निम्म्या पुरुषांत ही वाढ आढळते. लघवीची धार बारीक होणे, ती थांबून थांबून होणे, रात्री दोन-तीनदा उठावे लागणे, ही तिची लक्षणे होत. अशी वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. आहाराने वाढलेली ग्रंथी लहान होत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु त्रास किती जाणवावा, हे बऱ्याच अंशी आपल्या खाण्यापिण्यावर ठरते.

अशा रुग्णास डॉक्टर पहिली सूचना देतात ती ही, की झोपण्यापूर्वी दोन-तीन तास पाणी व चहा घेऊ नये. चौविहार पाळणाऱ्या घरात हे न सांगताच घडते. मात्र दिवसभर कोरडे राहून सूर्यास्तापूर्वीच्या अर्ध्या तासात दोन तांबे घाईघाईने रिचविले, तर हा लाभ हातचा जातो. मूत्राशय एकदम भरते, आणि दिवसभर दाट राहिलेल्या लघवीने त्याचा दाह होतो तो निराळाच. जंतुसंसर्ग व मुतखड्याचा संभवही वाढतो. नवकारसी पारल्यावर एक पेला, मग दर दीड-दोन तासांनी एकेक, असे दीड ते दोन लिटर पाणी चारच्या सुमारास बहुतांशी पुरे व्हावे. हिवाळ्यात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, तेव्हा तर हे विशेष पाळावे. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. उकळलेल्या पाण्याची बाटली गादीशेजारी असली, की निम्मे काम होते. प्रत्येक गिऱ्हाइकासोबत घेतलेला चहा मात्र पाण्यात धरू नये. तो लघवीची घाई वाढवितो.

दुसरी गोष्ट बद्धकोष्ठाची. भरलेले आतडे मूत्राशयावर दाब आणते आणि लघवी अडते. चातुर्मासात व तिथींना हिरवी भाजी वर्ज्य असते, तेव्हा ताटात खाखरा, शेव आणि मैद्याचे पदार्थ वाढतात. त्याऐवजी अख्खे मूग, चवळी, मटकी मोड न आणता शिजवावी. कणीक चाळताना कोंडा टाकू नये. इसबगोल घ्यावयाचे तर दिवसा, भरपूर पाण्यासह.

‘प्रोस्टेटसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांविषयी सावध असावे. अमेरिका व कॅनडा येथे प्रामुख्याने झालेल्या सुमारे ३५,००० पुरुषांच्या चाचणीत ई जीवनसत्त्वाची मोठी मात्रा रोज घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. टोमॅटोचीही फार वाखाणणी होते. ज्यांना चालतो त्यांनी शिजवून खावा, पण तो औषध नव्हे.

प्रोस्टेटची गोळी चालू असणाऱ्यांनी उपवासाचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. यातील काही औषधांनी रक्तदाब उतरतो, आणि निर्जल उपवासात उभे राहताच भोवळ येऊ शकते.

आमच्या परिचयातील एका वयस्क कापड व्यापाऱ्यांनी सर्दीची साधी गोळी दुकानातूनच मागवून घेतली. ग्रंथी वाढलेली असता अशा काही गोळ्यांनी लघवी पूर्ण अडू शकते, हे त्यांना ठाऊक नव्हते. मध्यरात्रीपासून ते कळवळत होते. मुलाला उठविण्याचा संकोच, सुनेसमोर बोलण्याची लाज. पहाटे रुग्णालयात नळी घातली तेव्हा सुटका झाली. त्रास चार वर्षांपासून होता, हे घरच्यांना त्या दिवशी प्रथम समजले.