इंजिन बदलेल, कागदाचे काय?

राज्य सरकारने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. चाकांवरचे घर घेऊन भंडारदरा, रतनवाडी, घाटघर अशा ठिकाणी मुक्कामाला जाण्याची कल्पना आकर्षक आहे. मात्र, नवी, तयार कॅराव्हॅन विकत घेणे मध्यमवर्गीयांच्या आवाक्याबाहेरचे आहे. साहजिकच जुनी मॅटॅडोर, टेम्पो ट्रॅव्हलर किंवा ओम्नी यांच्याकडे लक्ष वळते. सांगाडा ठाकठीक, इंजिन मात्र धापा टाकणारे, अशी यांतील अनेक गाड्यांची अवस्था असते. मग नवे इंजिन कोणते बसवावे, हा प्रश्न उभा राहतो. गॅरेजमध्ये त्याचे उत्तर अश्वशक्ती आणि मायलेजच्या भाषेत मिळते. वास्तविक ते आधी नोंदणी प्रमाणपत्रात शोधायला हवे.

महाराष्ट्राला इंजिनबदल नवा नाही. पेट्रोलच्या तुलनेत डिझेल बरेच स्वस्त होते, त्या काळात पेट्रोलवरील जीप आणि ॲम्बॅसडरमध्ये डिझेल इंजिन बसवणे सर्रास चाले. बसले की झाले, ही मानसिकता त्यातूनच रुजली. कायदा मात्र वेगळे सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात हेच तत्त्व ठामपणे अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या कायदा दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद केली.

या चौकटीत मालकापुढे तीन मार्ग उरतात. पहिला, त्याच कंपनीचे व त्याच प्रकारचे इंजिन बसवण्याचा. त्यासाठी परिवहन कार्यालयाची परवानगी, इंजिन कोठून आले याचा पुरावा आणि नोंदणी प्रमाणपत्रावर नवा इंजिन क्रमांक एवढे पुरते. जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचे २.४ लिटरचे डिझेल इंजिन मूळ मर्सिडीज बनावटीच्या आराखड्यावरचे. अशा इंजिनाचे बोअरिंग, पिस्टन, फ्युएल पंप यांची कामे चोख करून घेतली, तर इंजिन बदलण्याची गरजच अनेकदा उरत नाही.

दुसरा मार्ग सीएनजीचा. ओम्नीसारख्या पेट्रोल गाडीला मान्यताप्राप्त किट बसू शकते. डिझेल गाडीचे तसे नाही. डिझेल दाबातून निर्माण होणाऱ्या उष्णतेने पेटते, तर सीएनजीला ठिणगी लागते. म्हणजे डिझेल गाडीत बहुधा इंजिनच बदलावे लागते. शिवाय टाकी जागा खाते आणि दर तीन वर्षांनी तिची दाब चाचणी करावी लागते. पलंग, ओटा व पाण्याची टाकी असलेल्या गाडीत ही जागा आणि हे वजन दोन्ही मोलाचे असतात. तिसरा मार्ग बॅटरीचा. त्याला कायद्याची मुभा आहे. पण बॅटरीचे वजन, घाटातील चढ आणि अकोल्याच्या डोंगराळ भागातील चार्जिंगची सोय यांचा हिशेब आधी मांडावा लागेल.

दुसऱ्या व तिसऱ्या मार्गावर खरी अडचण मान्यतेची आहे. किटला ठरावीक वाहनप्रकारासाठी चाचणी संस्थेची मान्यता लागते. विरोधाभास असा, की देशातील अशा मोजक्या अधिकृत संस्थांपैकी संरक्षण संशोधन विभागाची ‘व्हीआरडीई’ अहिल्यानगरातच आहे. तिच्या चाचणीमार्गापासून काही किलोमीटरवर राहणाऱ्या मालकालाही त्याचा थेट उपयोग नाही. कारण ही व्यवस्था किट-उत्पादकांसाठी आहे, एकेका गाडीच्या मालकासाठी नाही. उत्पादन थांबलेल्या गाड्यांसाठी मान्यता घेण्यात कोणत्या उत्पादकाला रस असेल?

पळवाट म्हणून परक्या गाडीचे इंजिन बसवणाऱ्याला दंडापेक्षाही मोठा धोका विम्याचा आहे. अपघातानंतर इंजिन आणि कागद जुळले नाहीत, तर भरपाईचा दावा अडचणीत येतो. आधीच जुनी गाडी बाळगणे महागले आहे. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्राने वीस वर्षांवरील हलक्या मोटार वाहनांचे नोंदणी नूतनीकरण शुल्क दहा हजार रुपये केले.

प्रदूषण आणि सुरक्षिततेसाठी निर्बंध हवेतच. तथापि, कोणत्या जुन्या वाहनाला कोणते किट मान्य आहे, याची साधी मराठी यादी ‘एमएच-१६’ व ‘एमएच-१७’च्या परिवहन कार्यालयांत लावणे अवघड नाही. तोवर मालकांनी क्रम उलटा करू नये. आधी परवानगी, मग इसार, आणि सर्वांत शेवटी पाना. परवानगी मिळत नसेल, तर जुन्याच इंजिनाची डागडुजी हा कमीपणा नव्हे. घाटात आणि न्यायालयात तेच अधिक भरवशाचे ठरेल.