रास्पबेरीची कोणती काठी कापावी?

महाबळेश्वरची रास्पबेरी खाऊन आलेल्या मंडळींना वाटते, आपल्याही परसात एक रोप असावे. थंड हवेच्या ठिकाणी ते चांगले रुजते. पण दोन वर्षांत त्याची काटेरी जाळी होते, आणि वैतागून सगळीच जाळी छाटली जाते. मग पुढचे वर्ष फळांवाचून!

रास्पबेरीचे मूळ अनेक वर्षे जगते, पण जमिनीतून वर येणारी प्रत्येक काठी दोनच वर्षांची. पहिल्या वर्षी ती नुसती वाढते, दुसऱ्या वर्षी फळते आणि वाळते. (पहिल्याच वर्षी शेंड्याला फळणाऱ्या काही परदेशी जातींची रीत निराळी.) म्हणून बहर संपताच फळून गेलेल्या काठ्या तेवढ्या जमिनीलगत कापाव्यात, खुंट ठेवू नये. ओळखू येणार नाहीत असे वाटले, तर फळे असतानाच त्यांना रंगीत दोरा बांधून ठेवावा. नव्यांपैकी जोमदार चार-पाच राखून बाकीच्या काढाव्यात. जिवावर येते खरे, पण दाटीत हवा खेळत नाही आणि फळांना बुरशी लागते.

राखलेल्या काठ्यांना आधार हवा. ओळीच्या दोन्ही टोकांना सात फुटी खांब दीड-दोन फूट गाडून, जमिनीपासून अडीच आणि पाच फुटांवर तारा ओढाव्यात. काठी तारेला सुतळीने, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल वेढा देऊन बांधावी. घट्ट गाठ सालीत रुतते. हातमोजे हवेतच. वाकलेला शेंडा मातीला टेकला, की बऱ्याचदा तिथेच मुळे धरतो. एखादा मुद्दाम टेकू द्यावा, शेजारणीला द्यायला रोप तयार!