कुलूप कोणाच्या खर्चाने?

दुकानाचे कुलूप तोडून चोरी झाली, तर दुकानदार पोलीसचौकी गाठतो. तपासाचा खर्च त्याच्याकडून वसूल केला जात नाही, कारण नागरिकांच्या वित्ताचे रक्षण हे शासनाचे कर्तव्य मानले गेले आहे. चोर संगणकाच्या तारेतून आला की मात्र हा न्याय पालटतो. सुरक्षा ही तेव्हा बाजारात विकत घ्यावयाची वस्तू ठरते, आणि ज्याची ऐपत नाही त्याला निष्काळजी म्हटले जाते.

लहान उद्योजक संगणकाकडे हौसेने वळलेला नाही. २०१६ ची नोटाबंदी आणि २०१७ चा वस्तू व सेवा कर यांनी त्याला तिकडे ढकलले. परराज्यात माल धाडावयाचा तर ई-वे बिल हवे, करविवरण भरावयाचे तर संकेतस्थळ हवे. इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाचे सारे हिशेब एका संगणकात असतात. खंडणीखोराने ते गोठवले की माल अडतो, माग थांबतात आणि कापडाच्या मीटरवर मजुरी मिळविणाऱ्या कामगाराचा आठवडा बुडतो. मालकाचे नुकसान निदान वहीत नोंदले जाते, कामगाराचे कोठेच नाही.

संकट काल्पनिक नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. जुलै २०२४ च्या अखेरीस एका तंत्रसेवा कंपनीवर हल्ला झाला आणि सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार देशाच्या भरणा-यंत्रणेपासून तात्पुरते तोडावे लागले. दुबळेपणा एकाचा, भोग शेकडोंच्या खातेदारांना.

यावर शासनाचे उत्तर काय? एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी हल्ल्याची खबर ६ तासांत देण्याचे व १८० दिवसांच्या नोंदी जपण्याचे बंधन घातले. लहान उद्योगांना मिळाली ती केवळ काही महिन्यांची मुदतवाढ. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने सुरक्षेतील कसुरीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. बंधने आली, दंड आला. कुलपाची किंमत कोण देणार, हे कोणी सांगितले नाही.

पैसा नाही, ही सबब टिकणारी नाही. उत्पादनाशी निगडित प्रोत्साहनासाठी सुमारे १.९७ लाख कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. तिचा मोठा लाभ बड्या भांडवलाकडे जातो. गुणवत्तेच्या ‘झेड’ प्रमाणपत्रासाठी सूक्ष्म उद्योगांना ८० टक्के अनुदान देता येते, तर सुरक्षेसाठी का नाही? सिंगापूरसारख्या भांडवलशाही राज्यानेही २०२३ मध्ये लहान उद्योगांच्या सुरक्षा-सल्ल्याचा ७० टक्क्यांपर्यंत खर्च उचलण्याची योजना आणली.

तथापि केवळ अनुदान मागून भागणार नाही. एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंत उलाढाल असलेला कारखानाही ‘सूक्ष्म’ गणला जातो. चार मागांचा धनी आणि तो कारखानदार एकाच रांगेत उभे केले, तर रांगेत पुढे कोण असेल हे सांगावयास नको. आधी खर्च करा, मग परतावा मागा, ही पद्धतही रोकड नसलेल्याला बाहेर ठेवते. आणि घरोघरी महागडी सामग्री वाटली, तर अनुदान लहानांच्या नावे निघून विक्रेत्या कंपन्यांच्या तिजोरीत जाईल.

म्हणून मागणी नेमकी हवी. सर्वांत लहान घटकांसाठी निधीचा राखीव वाटा असावा व रक्कम आगाऊ मिळावी. औद्योगिक वसाहती व सहकारी संस्थांत सामाईक सुरक्षा केंद्रे उभारावीत आणि तेथे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील तरुणांना काम द्यावे. हल्ल्यामुळे काम बंद पडल्यास कामगाराच्या मजुरीला संरक्षण असावे. प्रामाणिकपणे खबर देणाऱ्या लहान उद्योजकाला दंडाची भीती नसावी. नाहीतर चोर सोडून संन्याशाला सुळी, एवढेच घडेल.

यंत्रमागधारक आणि यंत्रमाग कामगार मजुरीच्या प्रश्नावर समोरासमोर उभे असतात, आणि तो लढा चालूच राहील. या प्रश्नावर मात्र दोघांचे हित एक आहे. कार्यकर्त्यांनी दोघांनाही एका सभेत बसवावे. ही मागणी तेथूनच उभी राहील.